इन्फ्लेशन ते कृष्णऊर्जा: एकाच क्षेत्राचा माग कसा काढायचा

विश्वाचा विस्तार आजवर दोनदा वेगावला, असं बहुतेक विश्वशास्त्रज्ञ मानतात. पहिल्यांदा विश्वाच्या अगदी आरंभी, सेकंदाच्या कल्पनेबाहेरच्या सूक्ष्म अंशात. त्याला इन्फ्लेशन म्हणतात. दुसऱ्यांदा सुमारे सहा अब्ज वर्षांपूर्वी, आणि ते वेगावणं आजही चालू आहे. त्यामागच्या कारणाला कृष्णऊर्जा किंवा डार्क एनर्जी हे नाव मिळालं. विषयात नव्याने आलेल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न उठतोच: या दोन्हींमागे एकच कारण असेल का?

प्रश्न रास्त आहे आणि त्यावर गंभीर काम झालेलं आहे. पण 'दोन्हीकडे विस्तार वेगावतो' एवढ्या साम्यावर दुवा जोडता येत नाही. पहिला टप्पा संपला तेव्हापासून दुसरा सुरू होईपर्यंतच्या अब्जावधी वर्षांतून ते कारण सुखरूप पार झालं पाहिजे, आणि त्या काळाबद्दल आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे त्याला धक्काही लागता कामा नये. खरी मेहनत या मधल्या काळात आहे. म्हणून या लेखातही सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

बारावीचं गणित, म्हणजे विकलन, घातांक आणि लॉगरिदम एवढं येत असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चढता येतील. व्यापक सापेक्षतेचा संपूर्ण अभ्यास आधी झालेला असलाच पाहिजे, असं नाही.

पायरी १: दोन्ही घटना आधी वेगवेगळ्या ओळखा

इन्फ्लेशनची कल्पना १९८०च्या आसपास आकाराला आली. अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांचं काम १९८०चं, ॲलन गूथ यांचा शोधनिबंध १९८१चा. १९८२मध्ये आंद्रेई लिंडे यांनी, आणि स्वतंत्रपणे अल्ब्रेख्ट व स्टाइनहार्ट यांनी, तिला आजचं रूप दिलं. अडचण अशी होती: आकाशाच्या विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या वैश्विक सूक्ष्मलहरींचं, म्हणजे विश्वाच्या बालपणातून उरलेल्या प्रारणाचं, तापमान जवळजवळ सारखंच आहे. ते २.७२५ केल्विन भरतं आणि दिशेनुसार फरक पडतो तो लाखात एक भागाएवढा. विस्तार नेहमीच्या गतीने झाला असता तर या दोन टोकांची एकमेकांशी कधी गाठच पडली नसती. मग तापमान जुळलं कसं? आधी जवळजवळ असलेला एक छोटासा भाग अफाट ताणला गेला, हे इन्फ्लेशनचं उत्तर. सुमारे ६० 'ई-पटी' (एका ई-पटीत अंतरं २.७१८ पट होतात), म्हणजे अंतरं सुमारे एकावर २६ शून्ये एवढ्या पटीने वाढली.

कृष्णऊर्जेची गोष्ट निराळी आहे. १९९८मध्ये दोन गटांनी दूरचे सुपरनोव्हा मोजले आणि ते अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजेच अपेक्षेपेक्षा दूर निघाले. त्यासाठी २०११चं नोबेल पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना मिळालं. आज विश्वाच्या एकूण ऊर्जेत कृष्णऊर्जेचा वाटा ६८-६९ टक्के धरला जातो.

पुराव्याची प्रत दोन्हीकडे सारखी नाही, हे लक्षात असू द्या. आजचं वेगावणं अंतरं मोजून दिसतं. इन्फ्लेशनचा पुरावा अप्रत्यक्ष आहे. सूक्ष्मलहरींतल्या चढउतारांचा साचा इन्फ्लेशनच्या भाकितांशी चांगला जुळतो, पण ती घटना म्हणून थेट टिपलेली नाही.

पायरी २: एक बेरीज पक्की करा

विस्तार वेगावणार की मंदावणार, हे विश्वाच्या विस्ताराचं गणित मांडणाऱ्या फ्रीडमन समीकरणांनुसार एका बेरजेच्या चिन्हावर ठरतं: ऊर्जा घनता अधिक दाबाची तिप्पट. बेरीज धन असेल तर विस्तार मंदावतो, ऋण असेल तर वेगावतो. ऊर्जा घनता धन असते, त्यामुळे बेरीज ऋण व्हायची तर दाब ऋण हवा, आणि तोही बऱ्यापैकी ऋण.

दाबाला ऊर्जा घनतेने भागलं की जो आकडा येतो त्याला संशोधक 'डब्ल्यू' म्हणतात. साध्या द्रव्यासाठी तो शून्य, प्रारणासाठी एक तृतीयांश, आइन्स्टाइनच्या वैश्विक स्थिरांकासाठी उणे एक. विस्तार वेगावण्याची सीमा उणे एक तृतीयांशावर आहे.

याच आकड्यावरून कोणता घटक किती झपाट्याने विरळ होतो तेही कळतं. विश्वातली अंतरं दुप्पट झाली की द्रव्याची घनता आठपट घटते, प्रारणाची सोळापट, आणि डब्ल्यू अधिक एक असलेल्या घटकाची चौसष्टपट. वैश्विक स्थिरांकाची घनता आहे तशीच राहते. हे चार आकडे पाठ करा. पुढे प्रत्येक वळणावर ते लागतील.

पायरी ३: अदिश क्षेत्राशी ओळख

प्रत्येक ठिकाणी फक्त एक आकडा, दिशा नाही, असं क्षेत्र म्हणजे अदिश क्षेत्र. निसर्गात असं क्षेत्र असतं, हे २०१२मध्ये हिग्ज कण सापडल्यावर पक्कं झालं. क्षेत्राच्या ऊर्जेचे दोन भाग असतात. क्षेत्राचं मूल्य बदलत असताना येते ती गतिज ऊर्जा, आणि त्या मूल्यावर अवलंबून असते ती स्थितिज ऊर्जा. ऊर्जा घनता म्हणजे दोहोंची बेरीज. दाब म्हणजे गतिज वजा स्थितिज.

ही वजाबाकीच सगळी किल्ली आहे. क्षेत्र अगदी सावकाश सरकत असेल तर गतिज भाग नगण्य, दाब ऋण, आणि डब्ल्यू उणे एकाजवळ: विस्तार वेगावतो. क्षेत्र धावत असेल तर स्थितिज भाग नगण्य आणि डब्ल्यू अधिक एकाकडे जातो. एकच क्षेत्र वेगवेगळ्या काळात दोन्ही प्रकारे वागू शकतं. त्यामुळेच दुव्याची शक्यता निर्माण होते.

मराठी वाचकाला यातलं गणित तसं परकं नाही. १९६०च्या दशकात हॉइल आणि नारळीकर यांनी स्थिरस्थिती विश्वासाठी, म्हणजे आरंभ नसलेल्या आणि विस्तारतानाही तसंच राहणाऱ्या विश्वासाठी, निर्मितिक्षेत्र (नवं द्रव्य निर्माण करणारं अदिश क्षेत्र) वापरलं, तेव्हा त्या विश्वाचा विस्तारही असाच घातांकी होता. जयंत नारळीकर महास्फोटाच्या कल्पनेचे अखेरपर्यंत टीकाकार राहिले. तरी अदिश क्षेत्र विस्तार चालवू शकतं, ही कल्पना त्यांच्या कामात इन्फ्लेशनच्या कितीतरी आधी दिसते, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पायरी ४: दरी किती रुंद आहे ते मोजा

आता दोन्ही टोकांच्या ऊर्जा घनता शेजारी ठेवा. इन्फ्लेशनच्या वेळची ऊर्जापातळी जास्तीत जास्त एकावर १६ शून्ये गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (गिगा म्हणजे अब्ज) आसपास असू शकते. आजच्या कृष्णऊर्जेची पातळी सुमारे ०.००२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऊर्जा घनता या पातळीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. नवखे लोक इथे हमखास चुकतात: पातळीचं गुणोत्तर काढतात आणि त्यालाच घनतेचं समजतात. चौथा घात घेतला की घनतेतला फरक एकावर ११० शून्ये एवढा निघतो. दुसऱ्या बाजूने सांगायचं तर आज एका घनमीटर अवकाशात कृष्णऊर्जा असते ती तीन-चार प्रोटॉनांच्या वस्तुमानाएवढी.

एकाच क्षेत्राने एवढं अंतर उतरायचं आहे. 'दोन्ही एकच' असा दावा कुठे वाचलात तर हे उतरणं कसं होतं ते आधी विचारा.

पायरी ५: उताराचा आकार

१९९९मध्ये जिम पीबल्स आणि अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी एकाच क्षेत्राचं प्रारूप मांडलं. त्याला क्विंटेसेन्शल इन्फ्लेशन म्हणतात. त्यात स्थितिज ऊर्जेचा आलेख कसा असावा लागतो, हे समजायला सह्याद्रीचा छेद डोळ्यांपुढे आणा. वर देशावरचं उंच, जवळजवळ सपाट पठार. मग एकदम तुटलेला कडा. खाली अगदी मंद उताराची कोकणपट्टी. क्षेत्र पठारावर सावकाश सरकत असतं तेव्हा इन्फ्लेशन, कड्यावरून कोसळतं तेव्हा इन्फ्लेशनचा शेवट, आणि कोकणपट्टीवर पुन्हा मंदावतं तेव्हा कृष्णऊर्जा.

नेहमीच्या इन्फ्लेशन प्रारूपात कड्याखाली दरीचा तळ असतो. क्षेत्र तिथे हेलकावे खातं, त्याचं कणांत विघटन होतं आणि ते संपतं. इथे तळ ठेवता येत नाही, कारण क्षेत्र संपलं तर आज कृष्णऊर्जा म्हणून काय उरणार?

पीबल्स-व्हिलेन्किन यांनी पठाराच्या जागी क्षेत्राच्या चौथ्या घाताचा चढ घेतला होता. पुढे सूक्ष्मलहरी मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या आणि बायसेप-केक दुर्बिणींच्या निरीक्षणांनी तो बाद केला, कारण त्यातून येणाऱ्या आदिम गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या लहरी) फार तीव्र ठरतात. म्हणून हल्लीची प्रारूपं खरोखरीच सपाट पठार घेतात. त्यांतला 'अल्फा-ॲट्रॅक्टर' हा प्रकार सर्वाधिक अभ्यासला गेला आहे.

गुरुत्वाकर्षणाचे नियमच बदलून दोन्ही टप्पे जोडण्याचा मार्गही आहे. नोजिरी आणि ओदिन्त्सोव यांनी २००३मध्ये तो मांडला. सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका, क्षेत्राचा मार्ग अधिक स्वच्छ आहे.

पायरी ६: मधला काळ

क्षेत्र कड्यावरून कोसळलं. आता त्याच्याकडे जवळजवळ सगळी गतिज ऊर्जा आहे, डब्ल्यू अधिक एक. या कालखंडाला 'कायनेशन' म्हणतात. दुसऱ्या पायरीतला आकडा आठवा: अंतरं दुप्पट झाली की ही ऊर्जा चौसष्टपट घटते, प्रारणाची मात्र सोळापटच. म्हणजे सुरुवातीला थोडंसं जरी प्रारण असलं तरी कधी ना कधी ते क्षेत्राला मागे टाकणार. एकावर ११० शून्यांच्या दरीचा मोठा भाग अशा रीतीने, वेगळं काही न करता पार होतो. या प्रारूपातलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

पण प्रारण आणायचं कुठून? क्षेत्राचं विघटन होऊ द्यायचं नाही, तरी विश्व तापवायचं आहे. एक वाट अशी: इन्फ्लेशन संपताना विस्ताराची चाल एकदम बदलते आणि तेवढ्यानेच निर्वातातून काही कण निर्माण होतात. लॅरी फोर्ड यांनी १९८७मध्ये हा गुरुत्वीय मार्ग दाखवला. वेगळं काही गृहीत धरावं लागत नाही, ही त्याची खुबी. मात्र त्यातून मिळणारं प्रारण फारच कमी.

कमी प्रारण म्हणजे लांबलेलं कायनेशन, आणि तिथे अडचण उभी राहते. इन्फ्लेशनमध्ये निर्माण झालेल्या गुरुत्वीय लहरीही प्रारणासारख्याच सोळापटीने विरळ होतात. कायनेशन जितकं लांबेल तितका क्षेत्राच्या तुलनेत या लहरींचा वाटा फुगत जातो. पुढे विश्व एक सेकंद ते काही मिनिटांचं असताना हेलियम तयार होतो. त्या वेळच्या विस्ताराच्या वेगावर हेलियमचं प्रमाण ठरतं, आणि ते वस्तुमानाने सुमारे २५ टक्के असल्याचं आपल्याला मोजून ठाऊक आहे. लहरींची ऊर्जा जास्त झाली तर विस्ताराचा वेग वाढतो, हेलियमचा हिशेब बिघडतो आणि प्रारूप रद्द होतं.

या प्रश्नावर महत्त्वाचं काम पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेत झालं आहे. वरुण साहनी, एम. सामी आणि तरुण सौरदीप यांनी 'ब्रेनवर्ल्ड' प्रकारच्या, म्हणजे आपलं विश्व अधिक मितींच्या अवकाशातला पडदा मानणाऱ्या, प्रारूपांत ही लहरींची अडचण तपासली. २००४मध्ये सामी आणि साहनी यांनी दाखवलं की गुरुत्वीय मार्गाऐवजी फेल्डर, कोफमन व लिंडे यांची 'तत्काळ तापन' पद्धत घेतली तर विश्व अधिक तापतं, कायनेशन लवकर संपतं आणि लहरी मर्यादेत राहतात. नवख्या अभ्यासकाने हे काम आवर्जून वाचावं. सोय कुठे लावली आणि तिची किंमत कुठे मोजावी लागली, ते त्यात स्वच्छ दिसतं.

या लहरी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियात दिसतील का, असं वाटणं साहजिक आहे. ती अपेक्षा ठेवू नका. लायगोसारख्या शोधयंत्रांचा पल्ला दहा-वीस हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंत, आणि कायनेशनमुळे फुगलेल्या लहरींचा कळस त्याच्या कितीतरी पलीकडच्या कंप्रतेला असतो.

प्रारणाने ताबा घेतला की विस्ताराचं घर्षण क्षेत्राला थोपवतं. ते कोकणपट्टीवर एका जागी गोठतं. हेलियम तयार होतो, अणू बनतात, दीर्घिका उभ्या राहतात, आणि एवढ्या सगळ्या काळात क्षेत्राची ऊर्जा नगण्य असते. द्रव्य पुरेसं विरळ झालं की तीच शिल्लक ऊर्जा वरचढ ठरते आणि क्षेत्र पुन्हा हळूहळू सरकू लागतं.

पायरी ७: स्वतः हिशेब करा

वाचून समजल्यासारखं वाटतं, पण क्षेत्र संगणकावर स्वतः सरकवून पाहिल्याशिवाय ते मुरत नाही. पायथन आणि त्यातलं सायपाय पुरेसं आहे. शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करा, तो सोपा आहे.

एकूण ऊर्जेत क्षेत्राच्या गतिज ऊर्जेचा वाटा म्हणजे 'क्ष'चा वर्ग, स्थितिज ऊर्जेचा वाटा म्हणजे 'य'चा वर्ग. उरलेलं सगळं द्रव्य. कोकणपट्टीचा उतार घातांकी धरा आणि त्याची तीव्रता 'उ' माना. काळाऐवजी ई-पट हे चल घ्या, म्हणजे अंतरांच्या पटीचा नैसर्गिक लॉगरिदम. मग क्ष आणि य यांच्या बदलाचे दर असे येतात:

क्ष′ = −३ × क्ष + १.२२४७ × उ × य × य + १.५ × क्ष × (१ + क्ष × क्ष − य × य)

य′ = −१.२२४७ × उ × क्ष × य + १.५ × य × (१ + क्ष × क्ष − य × य)

अंतरं आजच्या एक सहस्रांश होती तिथून, म्हणजे ई-पट −६.९ पासून, आज म्हणजे शून्यापर्यंत जा. सुरुवातीला क्ष शून्य आणि य सुमारे ०.००००४७ ठेवा. शेवटी दोन्ही वर्गांची बेरीज ०.६९ यायला हवी. येत नसेल तर सुरुवातीचा य जरासा हलवा. डब्ल्यू काढायला वर्गांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागा.

उ शून्य ठेवलात तर डब्ल्यू शेवटपर्यंत उणे एक राहील. हा वैश्विक स्थिरांक. उ एक केलात तर आजचा डब्ल्यू सुमारे −०.८५ येईल, आणि गणना भविष्यात नेली तर तो −०.६७कडे जाईल. उ १.४१च्या वर गेला की विस्ताराचं वेगावणं कायमचं टिकत नाही. हे तीन आकडे मिळाले तर तुमचा प्रोग्राम बरोबर आहे.

नंतर द्रव्याच्या जागी प्रारण घाला. दोन्ही समीकरणांत '१.५ × (१ + क्ष × क्ष − य × य)' या गुणकाऐवजी '(२ + क्ष × क्ष − २ × य × य)' लिहा, क्ष ०.९९९पासून आणि य शून्यापासून सुरू करा. कायनेशन संपून क्षेत्र गोठताना दिसेल. क्षेत्र किती सरकलं तेही मोजा: पूर्ण कायनेशनमध्ये दर ई-पटीला ते लघुकृत (रिड्यूस्ड) प्लँक वस्तुमानाच्या सुमारे २.४५ पट पुढे जातं. काही ई-पटींतच ही मजल इतकी लांबते की एवढ्या अंतरावर क्षेत्राचं वर्णन विश्वासार्ह राहतं का, अशी शंका सैद्धांतिक भौतिकीतले लोक घेतात. आक्षेप वजनदार आहे. तो टाळून पुढे जाऊ नका.

पायरी ८: निरीक्षणांशी ताडून पाहा

दुव्याच्या दोन खुणा दोन टोकांना शोधता येतात.

पहिली आरंभीच्या टोकाला. सूक्ष्मलहरींतल्या चढउतारांचा कल 'एन-एस' या आकड्याने सांगतात. प्लँकने तो ०.९६५ मोजला, अनिश्चितता ०.००४. पठारी प्रारूपांत तो काढायला एकातून 'दोन भागिले ई-पटींची संख्या' वजा करायचे. कायनेशन असेल तर लागणाऱ्या ई-पटी सुमारे दहाने वाढतात. ५५ धरल्या तर ०.९६४, ६५ धरल्या तर ०.९६९. फरक इवलासा असला तरी मोजण्याच्या टप्प्यात आला आहे. २०२५मध्ये सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या अटाकामा दुर्बिणीच्या निरीक्षणांना प्लँक आणि डेसी या दीर्घिका मोजणाऱ्या प्रकल्पाची जोड दिल्यावर ०.९७४ हा आकडा आला. त्यामुळे चर्चेला जोर चढला, पण एका जोडणीवरून निकाल लावू नये.

दुसरी खूण आजच्या टोकाला: डब्ल्यू काळानुसार बदलतो का? ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या डेसी प्रकल्पाने मार्च २०२५मध्ये दिलेल्या निकालांत, सूक्ष्मलहरी आणि सुपरनोव्हांची जोड दिल्यावर, बदलत्या डब्ल्यूकडे कल दिसतो. सुपरनोव्हांचा कोणता संच घेतला यानुसार तो २.८ ते ४.२ सिग्मा भरतो (सिग्मा जितके जास्त, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). शोध म्हणायला पाच लागतात. शिवाय याच विश्लेषणात पूर्वी डब्ल्यू उणे एकाच्या खाली होता असं सुचवलं जातं. तुमच्या प्रोग्राममधलं साधं क्षेत्र तिथे कधीच जाऊ शकत नाही. सूत्रात पाहा: वर्गांची वजाबाकी भागिले बेरीज उणे एकाच्या खाली येणारच नाही. तेव्हा डेसीचा निकाल क्विंटेसेन्शल इन्फ्लेशनच्या बाजूने आहे, असं कोणी सरसकट म्हणत असेल तर थांबा. डब्ल्यू बदलतो एवढं पक्कं झालं तर ते या कल्पनेला पोषक ठरेल. तो खरोखर उणे एक ओलांडतो असं ठरलं तर साधं क्षेत्र बाद.

आणखी एक गोष्ट बहुतेक लोकप्रिय लेखांत गाळली जाते. कणभौतिकीनुसार निर्वाताची स्वतःची ऊर्जा प्रचंड असायला हवी. ती आज का जाणवत नाही, हा प्रश्न एकाच क्षेत्राच्या प्रारूपाने सुटत नाही. ती कुठल्यातरी कारणाने शून्य आहे असं इथे गृहीत धरतात आणि मग उतार आखतात. कड्याची उंची आणि कोकणपट्टीची पातळीही आज दिसणाऱ्या आकड्यांवरूनच बेततात.

पुढे काय वाचायचं

अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर विश्वशास्त्राचे शोधनिबंध मोफत मिळतात. या विषयावरचा निबंध उघडलात की आधी तीन जागा शोधा: विश्व कसं तापवलं, कायनेशन किती ई-पटी टिकलं आणि हेलियमची मर्यादा तपासली का. ही तीन उत्तरं नसतील तर तो निबंध बाजूला ठेवा, उरलेला कितीही आकर्षक असो. ती असतील तर त्यातला उतार तुमच्या प्रोग्राममध्ये घाला आणि आजचा डब्ल्यू निबंधातल्या आलेखाशी जुळतो का पाहा. तेवढं जमलं की क्लास (CLASS) हा मुक्त प्रोग्राम उतरवून घ्या. त्यात क्विंटेसेन्स क्षेत्राची, म्हणजे कृष्णऊर्जा म्हणून वागणाऱ्या अदिश क्षेत्राची, सोय आधीपासून आहे, आणि सूक्ष्मलहरींच्या आलेखावर त्या क्षेत्राचा काय परिणाम होतो ते त्यातून थेट काढता येतं.